चार हात वायर

मनोहर,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. पहिले पंधरा दिवस माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. लोक कुजबुजले असतील, संपतभाऊ दगडाचा आहे म्हणून. म्हणू दे. परवा लोधीखेड्याला तुझ्या घरी, तुझ्या पत्र्याच्या पेटीसमोर बसून मी असा रडलो की तुझ्या बायकोनं, शालूबाईनं, पाण्याचा गिलास माझ्यापुढं ठेवला आणि ती मुकाट्यानं बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. तीन वर्षं राहिली. आणि ती तुला सगळी माहीत होती, हे मला परवा त्या पेटीनं सांगितलं.

हे मी माझ्या हातानं लिहून राहिलो. चौथी शिकलेला हात आहे, सावकाश चालतो. नात म्हणे, "आबा, तुमी सांगत जा, मी लिवून देते." नाही म्हटलं. माझ्या तोंडचं खोटं आहे, ते माझ्याच हातानं निस्तरलं पाहिजे.

तू पहिल्यांदा कारखान्यात आला तो दिवस मला आठवते. सौंसरच्या त्या कारखान्यात संत्र्याच्या दिवसात रस आणि बाकीच्या दिवसात मक्याचे दाणे, चणे, असं काही ना काही डब्यात भरून निघायचं. डबे बंद केले की ते वाफेच्या मोठ्या लोखंडी पिंपात शिजवायचे. त्याला सगळे रिटॉर्ट म्हणत, मी कुकर म्हणत होतो. त्या कुकरचा मालक मी. कागदावर कोणी असो. तू आयटीआय करून आलेला, यंत्रांची मापं तपासणारा मिस्त्री, अंगात इस्त्रीचा सदरा. आल्याबरोबर माझ्या काचेच्या थर्मामीटरवरची धूळ रुमालानं पुसली आणि म्हटलं, "भाऊ, हे दीड डिग्री जास्त दाखवून राहिलं."

मी म्हटलं, "तुझ्या जन्माच्या पहिलेचं हाय ते. तूच दीड डिग्री कमी असशील."

तू हसला. भांडण तिथून सुरू झालं आणि बावीस वर्षं चाललं. खरं सांगू, थर्मामीटर दीड डिग्री जास्तच दाखवत होतं. तू दुसरं आणून लावलं आणि कोणाजवळ बोलला नाही.

तुझी ती चिठ्ठ्यांची सवय. जे काही जुनं, बिघडलेलं तू काढे, त्याला एक चिठ्ठी बांधे. माझं गोल कागदाचं यंत्र होतं ना, शाईची पेन फिरून दिवसभराचं तापमान काढणारं, त्याचे जुने कागद तू जपून ठेवायचा आणि त्याच्याच चिठ्ठ्या कापायचा. चिठ्ठीवर तीन ओळी. कुठून काढलं. काय झालं होतं. बसवणारा कोण. मग ती वस्तू चिठ्ठीसकट वर्कशॉपच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगायची, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं म्हणून. एकदा पंपाचं जळालेलं सील टांगलं आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं, "बसवणारा : संपतभाऊ, घाईत." सगळ्या शिफ्टनं वाचलं. मी ती चिठ्ठी फाडली, तुझ्या तोंडावर फेकली आणि आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी खिळ्याला एक फ्यूज लटकलेला दिसला. "बसवणारा : मनोहर, झोपेत." मला हसू आवरलं नाही. तू दारामागून पाहूनच राहिला होता. "बोलले ना शेवटी," म्हणे.

"बोललो कुठं? हसलो."

"तेवढं पुरे, भाऊ."

मग ते नवीन यंत्र आलं. नागपूरहून खोक्यातून निघालं, शाळेच्या पाटीएवढं, समोर रंगीत पडदा. ना कागद, ना शाई, ना पेन. सगळं आपल्याच पोटात लिहून ठेवणारं. साहेबानं ते तुझ्याकडे सोपवलं. सोबतचं जाड इंग्रजी पुस्तक घेऊन तू दोन दिवस काचेच्या केबिनमध्ये बसला, डब्यातली भाकरी तशीच वाळली. तिसऱ्या दिवशी मला हाताला धरून नेलं. मी जात नव्हतो, ओढतच नेलं.

"हे पहा. याले पहिले सांगा लागते, कोणत्या चॅनलवर कोणती वायर हाय, तापमान कुठून कुठवर मोजाचं, नाव काय द्याचं. एक नंबर आणि दोन नंबर कुकरच्या भिंतीजवळचे. तीन नंबर मधातला, डब्यांच्या ढिगात खुपसलेला, जिथं आच सगळ्यात उशिरा पोचते. समजलं?"

"न समजाले का झालं?"

"मंग हा चौथा पहा. याले वायरच नाई."

"वायर नाई न आकडा येते? अंगात येते काय याच्या?"

तू पोट धरून हसला. मग समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं, पण मला लहान न करता. म्हणे, नुसतं तापमान तर तुमचा गोल कागद पण लिहिते. हे यंत्र त्याचा हिशोब करते. तीन नंबरचं तापमान दर सेकंदाला घेते, त्या आचेत दाणा किती शिजला ते काढते आणि पहिल्यात मिळवत जाते. एकशे एकवीस डिग्रीवरचं एक मिनिट पूर्ण एक मिनिट. एकशे अकरावरचं मिनिट म्हणजे मिनिटाचा दहावा हिस्सा. बेरीज ठरल्या आकड्याला पोचली की दिवा लागते, वाफ बंद करायची.

मी म्हटलं, "मिनिट म्हंजे मिनिट. घड्याळ काय डिग्री पाहून चालते काय बे?"

"डब्यातल्या दाण्याले घड्याळ नाई दिसत, भाऊ. त्याले आच दिसते."

हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. त्याच्यावर मी येतोच.

आता वायरचं. कुकरपासून केबिनपर्यंत तीन वायरी ओढायचं काम माझं. तू जमिनीवर खडूनं सरळ रस्ता आखून दिला होता. पण त्या रस्त्यात भिंतीवरचं माझं गोल कागदाचं यंत्र येत होतं, ते उतरवावं लागे. मी नाही उतरवलं. तू जेवायला गेला तेव्हा मी वायरीचा पाईप त्याच्या वरून वळसा घालून नेला. पहिल्या दोन वायरी पुरल्या, कारण त्यांची टोकं भिंतीजवळच. तिसरी कुकरजवळ येऊन चार हात कमी पडली.

तू सकाळीच बजावलं होतं. शब्द अन् शब्द ऐकला होता मी. "भाऊ, ही साधी वायर नोहे. हिच्यात दोन वेगळ्या धातूच्या तारा हाय. मधात तांब्याचा तुकडा जोडाचा नाई. जोडला तर यंत्र सकाळी खरं बोलीन आन् जागा तापली का खोटं बोलीन. कमी पडली तर मले आवाज द्या, दुसरी मागवू."

आवाज द्यायचा म्हणजे मी वळसा घातला हे सांगायचं. तुझा खडूचा रस्ता बरोबर होता हे म्हणायचं. मी आवाज दिला नाही. दिव्याची साधी लाल वायर घेतली, चार हात. दोन्ही टोकांना पीळ दिला, त्याच्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, पाईपात सरकवलं आणि झाकण लावून टाकलं. वायर म्हणजे वायर, असं मनात म्हटलं.

आठ दिवस काही झालं नाही, कारण कुकर सकाळचाच एक घाणा चालत होता. मग मक्याचे दिवस आले आणि घाण्यावर घाणा लागला. दुपारी काचेचं थर्मामीटर एकशे एकवीस दाखवे, पडद्यावर एक नंबर, दोन नंबर पण तेच, आणि तीन नंबर एकशे सोळाच्या वर चढेना. तुझी बेरीज मुंगीच्या पावलानं सरकून राहिली होती. दिवा लागता लागेना. साहेब म्हणे, मशीन बोलेगी तबही बंद करो. आपण वाट पाहिली. डबे फोडले तेव्हा दाणा गुळाच्या पाकासारखा लाल आणि बोटानं दाबला तर लगदा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

तू कागद-पेन्सिल घेऊन मिनिटामिनिटाचं गणित हातानं केलं. यंत्राचं आणि तुझं जुळलं. मग केबिनमध्ये, साहेबासमोर, पाच-सहा जण उभे होते, तू माझ्याकडे वळला.

"भाऊ, तिसऱ्याची वायर सलग हाय ना?"

मी म्हटलं, "सलग हाय."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी कमी पाप होतं. पण मी पुढं म्हटलं, "तू पाळण्यात होता तवापासून वायरी ओढून राहिलो. वायरीले काय पाहतं, आपलं गणित पाह."

सगळे हसले. तू नाही हसला. मान हलवली आणि म्हटलं, "भाऊनं सलग म्हटलं म्हणजे सलग." आणि खरंच आपल्या गणिताकडे वळला. मनोहर, मला जाळते ते हेच. तू पाईपाचं झाकण उघडून पाहू शकत होता, दोन स्क्रूचं काम होतं. तू स्वतःवर संशय घेतला, माझ्यावर नाही.

साहेब म्हणे, "बुढ्ढा शुरू से सही बोल रहा था." तुला त्या केबिनमधून काढलं आणि पंखे, पाण्याचे पंप, शेडमधले दिवे, असल्या कामावर लावलं. केबिनची चावी माझ्या हातात दिली. मी पुन्हा काचेचं थर्मामीटर आणि मनगटावरचं घड्याळ पाहून मका शिजवला आणि मका चांगला निघाला. लपवून काय करू, त्या दिवशी माझी छाती फुगली होती. चावी करगोट्याला बांधून मी रामाकोन्याला घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, शिकलेल्यापेक्षा आपण भारी निघालो.

त्यानंतर कारखान्यात काही बिघडलं, कोणाचं काही चुकलं की लोक म्हणू लागले, "झालं, मनोहरचं गणित." तुझ्यासमोरही म्हणत. तू पंख्याच्या शिडीवर चढून आपलं काम करत राहायचा.

मग नागपूरचा माणूस यंत्र तपासायला आला. सकाळी आला, कुकर थंड होता, चारही आकडे बरोबर. चहा पिऊन गेला. त्याच्या दोन दिवसांनी पोळा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची, त्या दगडफेकीच्या जत्रेची, छुट्टी, कारण अर्धी माणसं पांढुर्ण्याची. तू म्हणाला होता, बहिणीकडे पांढुर्ण्याला जातो. छुट्टीनंतर कुकर चालू झाला, भर दुपारी मी पडद्याकडे पाहिलं, तर तीन नंबर एकशे एकवीसवर सरळ.  लोक म्हणे, नागपूरवाल्यानं केलं. मीही मान हलवली. तेच खरं असावं अशी माझी इच्छा होती.

तुझ्या अंगठ्याला पट्टी होती. मी मजेनं म्हटलं, "काय रे, गोटा लागला काय?"

"नाई, भाऊ. गोटमार यंदा दुरूनच पाहिली. हे पाईपाची धार लागली."

कोणता पाईप, हे मी विचारलं नाही. तू एवढं दार उघडून दिलं आणि मी चावी कमरेला लावून दाराबाहेरच उभा राहिलो.

पुढच्या वर्षी मी रिटायर झालो. शाल, नारळ, हार. तुला बोलायला सांगितलं. मी खुर्चीत घामानं भिजलो होतो, आज हा सांगतो म्हणून. तू म्हणाला, "संपतभाऊ झाकणाले कान लावून सांगतात दाणा शिजला का नाई. असं यंत्र नागपुरातही भेटत नाई." टाळ्या पडल्या. ती शाल माझ्या कपाटात आहे. मी ती एकदाही अंगावर घेतली नाही, हे तुला कुठं माहीत असणार.

नागपूरच्या दवाखान्यातून तुला परत आणलं तेव्हा तुझ्यात काही राहिलं नव्हतं. मी बागेतली संत्री घेऊन आलो. तू डोळ्यानंच ओळखलं. "बसा, भाऊ. एक मिनिट बसा."

मी म्हटलं, "कोणतं मिनिट? माझं का तुझं?"

तू हसला आणि त्या हसण्यानं तुला असा खोकला आला की मी घाबरलो. मग तू म्हणाला, "आतातरी माना ना, भाऊ."

त्या दिवशी मी सांगायलाच आलो होतो. बसमध्ये सौंसरपर्यंत, सौंसरहून लोधीखेड्यापर्यंत मनात तेच घोकत आलो होतो. शालूबाई चहा घेऊन आली आणि मी संत्र्याला यंदा डिंक्या लागला, पानं पिवळी पडून राहिली, हे बोलत बसलो. तू ऐकत होता. माझ्याकडे पाहत होता, वाट पाहावी तसं. मी चहा संपवला, उठलो, म्हटलं पुन्हा येतो. पुन्हा आलो तर दारात माणसं उभी.

मानलं, मनोहर. तुझ्या खाटेजवळच्या त्या अर्ध्या तासाएवढा जड वेळ माझ्या उभ्या जन्मात दुसरा नाही. मिनिटं सारखी नसतात. तू बरोबर होता.

जलदानविधी झाल्यावर शालूबाईनं मला निरोप धाडला. म्हणे, "भाऊजी, त्याईची पेटी हाय. यातलं कारखान्याचं काय न घरचं काय, मले समजत नाई. तुमीच पाहून सांगा." परवा गेलो. पेटी उघडली तर एकेक वस्तू चिठ्ठीसकट. ते जळालेलं सील पण होतं, नवी चिठ्ठी बांधलेलं. सगळ्यात खाली, तुझ्या जुन्या रुमालात गुंडाळलेली, लाल वायर. चार हात. दोन्ही टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर आणि उलटा पीळ. मी डावखुरा आहे. साऱ्या कारखान्यात उलटा पीळ माझ्या एकट्याचा पडे.

चिठ्ठी वाचली.

कुठून काढलं : रिटॉर्ट, चॅनल तीन.

काय झालं होतं : मधात तांब्याचा तुकडा.

बसवणारा :

पुढं काही नाही. दोन टिंबांच्या पुढं पेन टेकवल्याची निळी खूण आहे फक्त. टेकवला आणि उचलला. बावीस वर्षांत तू तिसरी ओळ कोणासाठी सोडली नाही, स्वतःसाठीही नाही. पंपाच्या एका सीलासाठी माझं नाव सगळ्या शिफ्टला वाचायला दिलं, आणि ज्यात तुझंच नाव खराब झालं तिथं हात आवरला.

रडणं संपल्यावर मी शालूबाईला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. तिनं पदराला हात न लावता ऐकलं.

ती म्हणाली, "त्या पोळ्याले ते जेवले नाईत. बैलाच्या पूजेले शेजारी बोलवाले आले तरी उठले नाईत. कागदावर तेच गणित, पुन्हा पुन्हा. म्हणे, कुठंतरी माहं चुकून राहिलं, शालू, सापडत नाई. मंग छुट्टीच्या दिवशी बहिणीकडं म्हणून निघाले आन् दुपारीच घरी आले. गाढ झोपले. मी इचारलं, सापडलं काय? म्हणे, सापडलं. कोणाचं होतं? म्हणे, वायरीचं होतं."

मी वायर पुन्हा रुमालात गुंडाळली.

"भाऊजी, तुमीनं तवाच काहून नाई सांगतलं?"

मी हात जोडले, तर ती म्हणाली, "मले नका जोडू. जिथं खोटं बोलले तिथं जाऊन सांगा. माहा माणूस तिथं चुकीचा ठरला."

मी तिच्याच घरी, तुझ्याच पेननं, तिसरी ओळ भरली.  संपत लिहिताना त वाकडा झाला.

आज सकाळी कारखान्यात गेलो. साहेब आता दुसरे आहेत. गेटवरच्यानं ओळखलं, आत सोडलं. माझं गोल कागदाचं यंत्र भिंतीवर नाही, त्याच्या जागी नुसते चार खिळ्यांचे खड्डे. तुझं यंत्र मात्र चालू आहे. तुझ्या जागी आता सौंसरचीच एक बाई आहे, तुझ्यासारखीच आयटीआय केलेली. तिला म्हटलं, बाई, पाच माणसं बोलावता का? ती माझ्या वयाकडे पाहून नाही म्हणाली नाही. कुकरवरचे दोघं आले, पॅकिंगचे दोघं, आणि एक जण तेव्हाचा, त्या दिवशी हसणाऱ्यातला.

मी वायर आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. म्हटलं, मोठ्यानं वाचा. तिनं तीनही ओळी वाचल्या. तिसरीवर थांबून माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, म्हंजे तवा वायर सलग नव्हती?"

तोच प्रश्न, मनोहर. तीच केबिन. पडद्यावर तुझा तो बिनवायरचा आकडा आपली बेरीज करून राहिला होता.

"नाई," मी म्हटलं. "सलग नव्हती. मनोहरचं गणित बरोबर होतं."

 तेव्हाचा जो होता त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग मी वर्कशॉपच्या दाराशी गेलो. तुझा खिळा आहे तिथंच. वायर त्याला टांगली, चिठ्ठी बाहेरच्या बाजूला येईल अशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावी म्हणून.

यावेळी मी ती फाडणार नाही.